शैक्षणिक सल्लागाराबरोबर काम करताना: आमची दोन वर्षं आणि तुमचे अनुभव

सांजवेळ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणत बरेच दिवस गेले. आज बसलेच.

माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. आठव्या वर्षी त्याला अध्ययन अक्षमता असल्याचं निदान झालं, वाचन आणि लेखन दोन्हीत. शिवाय लक्ष टिकत नाही हेही होतंच. त्या दिवशी हातात अकरा पानांचा अहवाल आला. तो घेऊन आम्ही शाळेत गेलो, शाळेने त्याची झेरॉक्स काढून फाईलला लावली आणि पुढचे चार महिने वर्गात काहीही बदललं नाही. कुणाच्या मनात वाईट होतं असं अजिबात नाही. त्या अकरा पानांचं सोमवारी पहिल्या तासाला नेमकं काय करायचं हे बाईंना कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हालाही सांगता येत नव्हतं.

मग एका ओळखीतून शैक्षणिक सल्लागार मिळाल्या. त्या डॉक्टर नाहीत, थेरपिस्ट नाहीत, शिकवणीही घेत नाहीत. मूल, त्याचे अहवाल, शाळा आणि घर या चौघांना एका जागी आणून बसवणं हे त्यांचं काम. पहिल्या भेटीला त्यांनी अहवालाबरोबर दोन वर्षांच्या वह्या मागवल्या. परीक्षेचे पेपर नकोत, रोजच्या वह्या आणा म्हणाल्या. त्या उलगडून बघत बसल्या. मग आम्हाला म्हणाल्या, "कालचा दिवस सांगा. उठल्यापासून झोपेपर्यंत, काहीही न गाळता." मी गृहपाठापाशी आले आणि रडायलाच लागले. रोजचे दोन तास आमच्या घरात रणांगण असायचं.

आता अहवालातल्या आकड्यांबद्दल. इथल्या बऱ्याच जणांना हे उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर लिहिते. 'पर्सेंटाइल ९' असा एक आकडा आमच्या अहवालात होता. आम्ही नवराबायको चार महिने असं धरून बसलो होतो की शंभरपैकी नऊ मार्क मिळालेत. ते तसं नसतंच. या बुद्धिमापन चाचण्यांत सरासरी गुणांक १०० धरतात आणि १५ हे प्रमाण विचलन असतं, म्हणजे मुलांचे गुणांक सरासरीपासून साधारण किती पसरतात त्याचं माप. त्याच्या कामाच्या वेगाचा, म्हणजे प्रोसेसिंग स्पीडचा, गुणांक ८० होता. त्याच्या वयाची शंभर मुलं घेतली तर साधारण नऊ जण त्याच्याइतके किंवा त्याहून खाली येतील, एवढाच त्या ९ चा अर्थ. आणि त्याच पानावर तोंडी आकलनाचा गुणांक ११५ होता, म्हणजे पर्सेंटाइल ८४! तो आम्ही वाचलाच नव्हता. ८० वर बोट अडकलं होतं ना. सल्लागार ताईंनी दोन्ही आकडे एका कोऱ्या कागदावर शेजारी शेजारी लिहिले आणि म्हणाल्या, "याला समजतं भराभर, कागदावर उतरतं हळू. दोन्ही एकाच मुलात आहे. यांची सरासरी काढली की दोन्ही दिसेनासं होतं."

त्यानंतर, शाळेच्या परवानगीने, त्या चाळीस मिनिटं वर्गात मागच्या बाकावर बसल्या. त्यांचं टिपण आजही माझ्याकडे आहे. फळ्यावर ओळ होती: 'झाडांना पाणी कुठून मिळते?' अक्षरं अकरा. ती उतरवून घ्यायला माझ्या मुलाने तेरा वेळा मान वर केली. प्रत्येक अक्षराला एकदा, आणि दोनदा ओळच हरवली म्हणून. शेजारच्या मुलीने तीनदा. त्याची ओळ पुरी होईतो बाई उत्तर समजावून पुढे गेल्या होत्या आणि हा अजून 'मिळते'च्या 'ळ'वर होता. त्या महिन्यात त्याच्या डायरीत चार वेळा शेरा आला होता, 'वर्गात लक्ष देत नाही'. तो तर जीव तोडून लक्ष देत होता, फळ्याकडे!

उपाय इतका साधा निघाला की मला आधी रागच आला. फळ्यावर येणार तोच मजकूर छापून त्याच्या वहीशेजारी ठेवायचा. मान वर-खाली करायला नको, नजर फक्त डावीकडून उजवीकडे. प्रश्न सगळ्यांना तेच, कमी झालं ते उतरवणं. तीन आठवड्यांत 'लक्ष देत नाही' हा शेरा थांबला. वाचन लगेच सुधारलं असं मात्र समजू नका. जोडाक्षरांशी झगडा अजून चालूच आहे, 'प्रकाश'चा 'पकाश' अजून होतो. त्यासाठी विशेष शिक्षिका वेगळ्या आहेत.

चुका आमच्याकडूनही झाल्या. पहिल्या सहा महिन्यांच्या आराखड्यात 'वाचन सुधारेल' असं उद्दिष्ट होतं आणि आम्ही आनंदाने सही केली. सहा महिन्यांनी सुधारलं की नाही यावर बाईंचं एक मत, माझं दुसरं. दुसरी चूक जास्त महागात पडली. ताई आहेत म्हणून मी बाईंशी थेट बोलणंच सोडलं, प्रत्येक गोष्ट ताईंमार्फत कळवू लागले. बाई दुखावल्या, आणि त्यांचं बरोबरच होतं. रोज सहा तास माझं मूल त्यांच्यापाशी असतं. ते पूर्ववत व्हायला एक अख्खं सत्र गेलं.

सल्लागार कामाचे आहेत की नाहीत हे ओळखायला आता मी एकच प्रश्न विचारते: तुमच्या सांगण्यामुळे उद्या वर्गात काय वेगळं घडेल? तुमचे अनुभव लिहा, चांगले-वाईट दोन्ही.

कदंब

सांजवेळताई, तेरा वेळा मान वर केल्याचं वाचून थांबलेच. किती मुलांच्या डायऱ्यांत तो शेरा असेल.

आमचा पहिला अनुभव वाईट होता. लेक बारा वर्षांची आहे, स्वमग्न. बोलत नाही, टॅबवरची चित्रं दाबून सांगते. ती सात वर्षांची असताना एका सल्लागारांकडे गेलो. पहिल्याच भेटीत म्हणाले, सहा महिन्यांत बोलायला लागेल, माझी हमी. कान तेच ऐकायला आसुसलेले होते, आम्ही विश्वास ठेवला. पंधरा दिवसांनी तीस पानांचा आराखडा आला. चौथ्या पानावर दुसऱ्याच एका मुलाचं नाव तसंच राहिलं होतं. पुढे त्यांनी एका ठरावीक शाळेतच घाला म्हणून फार आग्रह धरला. त्या शाळेशी त्यांचा पैशांचा संबंध असल्याचं आम्हाला नंतर कळलं.

दोन वर्षं कुणाकडेच गेलो नाही, इतका विटलो होतो. मग दुसऱ्या बाई भेटल्या. पहिल्या दिवशी लेकीशेजारी जमिनीवर बसल्या. पन्नास मिनिटं काही विचारणं नाही, काही करवून घेणं नाही. ती ठोकळे रांगेत लावत होती, ह्याही आपली वेगळी रांग लावत होत्या. निघताना मला म्हणाल्या, "ती 'नको' कसं म्हणते?" मी म्हटलं, डावा हात कानावर ठेवते. घरात सगळ्यांना माहीत होतं. शाळेत कुणालाच नव्हतं! तिथे ते 'विचित्र वर्तन' म्हणून नोंदलं जायचं आणि हात खाली घ्यायला लावायचे. म्हणजे माझी मुलगी दिवसभर 'नको, नको' म्हणत होती आणि तिचा हात खाली ओढला जात होता. त्यानंतर एका पानावर तिची 'भाषा' लिहून काढली: कानावर हात म्हणजे नको, टाचा उचलणं म्हणजे आनंद, बाटली पालथी करणं म्हणजे तहान नाही, कंटाळा. ते पान वर्गात तिच्या बाकाजवळच्या भिंतीवर लागलं. टॅबमध्ये 'थांबा' हे चित्र पहिल्या पडद्यावर आणलं. आरडाओरडा निम्म्याहून कमी झाला.

हमी देणाऱ्यापासून लांब राहा, हे कळकळीने सांगते.

रानवाट

वाचनखूण साठवली. कदंब, ते भाषेचं पान आज रात्रीच बनवते.

खडूफळा

मी शिक्षिका आहे, पलीकडच्या बाजूने लिहिते. रागावू नका.

पालक सल्लागारांना घेऊन येणार म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो. आपल्या चुका काढायलाच कुणीतरी येतंय असं वाटतं. वर्गात एवढी मुलं, त्यातल्या तीन-चार जणांच्या गरजा वेगवेगळ्या, आणि आमच्या प्रशिक्षणात याबद्दल शिकवलेलं फार थोडं. अशात 'बहुसंवेदी पद्धतीचा अवलंब करावा' असं लिहिलेला अहवाल हातात आला की करायचं काय? मी तो मनापासून तीनदा वाचला होता. उद्या सकाळी खडू हातात घेऊन काय करायचं ते त्यातून कळलं नाही.

एक सल्लागार मात्र मला कायमचे लक्षात राहिले. आधी मला एकटीला भेटले, पालकांशिवाय. पहिला प्रश्न काय विचारला माहितीये? "या मुलाचं तुम्हाला काय आवडतं?" मी म्हटलं, गोष्ट सांगताना तो पुढच्या वाक्याची वाट बघत बसतो. दुसरा प्रश्न: "दिवसातला कुठला अर्धा तास तुम्हाला सगळ्यात जड जातो?" मी सांगितलं, मधल्या सुट्टीनंतरचा. ते म्हणाले, मग आपण तेवढाच अर्धा तास घेऊ, बाकीचं राहू दे. त्या मुलाला सुट्टी संपायच्या पाच मिनिटं आधी वर्गात आणायचं आणि पुढच्या तासाची वह्या-पुस्तकं वाटण्याचं काम त्याच्याकडे द्यायचं, एवढंच ठरलं. दाराशी होणाऱ्या गर्दीत तो बिथरायचा, ती गर्दीच त्याच्या वाटेतून गेली. महिन्याभराने मीच त्यांना फोन करून विचारलं की पुढचं काय करू.

पालकांना विनंती एवढीच, की मला एक पान द्या. वर मुलाला काय जमतं ते, मध्ये काय अडतं ते, खाली मी करायच्या तीन गोष्टी. तीनच. आणि ज्या दिवशी काही जमून येईल त्या दिवशीही चिठ्ठी पाठवा. आमच्याकडे चिठ्ठ्या येतात त्या फक्त तक्रारीच्या.

सांजवेळ

खडूफळा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. उद्या बाईंना चिठ्ठी जाणार, तक्रारीची नव्हे.

अरुणोदय

थोडं वेगळं मत मांडतो. सल्लागार हवेतच असं मला वाटत नाही. माझ्या मुलाचं वय अकरा, अतिचंचलता आहे, रागाचे झटके यायचे. सल्लागार परवडणारे नव्हते, तेव्हा मी स्वतःच एक वही घातली. तीन रकाने: आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. वेळ समासात. मत लिहायचं नाही, डोळ्यांनी दिसलं तेवढंच. 'चिडला' असं लिहायचं नाही, 'वही फेकली आणि टेबलाखाली गेला' असं लिहायचं.

सहा आठवडे लिहिलं. चौतीस नोंदी झाल्या. एका रविवारी मोजायला बसलो तर चौतीसपैकी एकवीस वेळा आधीच्या रकान्यात एकाच जातीची गोष्ट होती: चालू असलेलं काम अचानक थांबवायला सांगितलं. आणि शेवटच्या रकान्यात बहुतेक वेळा होतं, 'काम सुटलं'. म्हणजे टेबलाखाली गेलं की काम टळतं, हे त्याला आम्हीच शिकवलं होतं. मग काम थांबवण्याआधी दहा मिनिटं, मग दोन मिनिटं, अशी दोनदा सूचना द्यायला लागलो, वाळूचं घड्याळ समोर ठेवून. आणि टेबलाखालून बाहेर आल्यावर तेच काम, पण निम्मं. हे करायला मला कुणाची पदवी लागली नाही. काही सल्लागार पालकांना इतकं परावलंबी करून ठेवतात की आईबापांना स्वतःचं मूल वाचता येईनासं होतं.

सांजवेळ

अरुणोदयदादा, तुमची वही बघायला आवडेल. परावलंबित्वाचं म्हणणं पटतं, मी स्वतः त्यातून गेलेय. फरक एवढाच की तुमची अडचण घरात दिसत होती आणि वही तुमच्या हातात होती. माझ्या मुलाची अडचण वर्गात घडत होती. तिथे मला बसता येत नाही, आणि बसले असते तरी तो माझ्याकडे बघत राहिला असता. तिथे परक्या पण जाणत्या डोळ्यांची गरज पडली. आता ताई आमच्याकडे वर्षातून दोनदाच येतात. तेवढ्या पुरतात.

निशिगंध

मी विशेष शिक्षिका, अलीकडे सल्लागार म्हणूनही काम करते. वरचं सगळं वाचलं. अरुणोदयनी जे केलं ते आमच्या क्षेत्रात वर्तनाच्या नोंदीचं मूळ तंत्र आहे आणि त्यांनी ते उत्तम केलंय. मी पालकांना हीच वही पहिल्या आठवड्यात घालायला सांगते. पुष्कळदा त्यानंतर माझी गरजच उरत नाही.

काही गोष्टी पालकांना कुणी सांगत नाही, त्या सांगते. सवलत आणि अभ्यासक्रमातला बदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जादा वेळ, लेखनिक, मोठा टाईप, छापील मजकूर या सवलती. मूल शिकतं तेच, तिथे पोचायची वाट वेगळी. अभ्यासक्रमातला बदल म्हणजे शिकायचंच कमी किंवा निराळं. काही मुलांना त्याची खरी गरज असते आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. पण आराखड्यात दोन्ही एकाच यादीत लिहिलेलं असतं आणि पालक सही करून मोकळे होतात. चार वर्षांनी मोठ्या परीक्षेच्या तोंडावर लक्षात येतं की गणिताचा अर्धा भाग मुलाला कधी शिकवलेलाच नाही. म्हणून प्रत्येक ओळीला विचारा: ही सवलत की बदल?

उद्दिष्टाबद्दल सांजवेळनी लिहिलंच आहे. 'वाचन सुधारेल' हे मोजता येत नाही. 'दुसरीच्या पातळीचा आधी न पाहिलेला उतारा, एका मिनिटात चाळीस शब्द, चुका तीनपेक्षा कमी, सलग तीन वेळा' हे मोजता येतं. ते साधलं की नाही यावर भांडण होत नाही. आणि आज कुठे आहे तो आकडा शेजारी लिहिलेला हवाच, नाहीतर चाळीस हे जास्त की कमी ते कसं कळणार? उद्दिष्टं कमी ठेवा. मी एका मुलाच्या आराखड्यात सव्वीस उद्दिष्टं पाहिली आहेत. त्यातलं एकही कुणाला तोंडपाठ नव्हतं.

चाचण्या पुन्हा पुन्हा करून घेऊ नका. तीच बुद्धिमापन चाचणी थोड्या दिवसांत परत दिली तर मूल सरावाने पुढे जातं आणि आलेला आकडा फसवा असतो. दुसऱ्या सल्लागारांकडे जाताना आधीच्या चाचणीची तारीख आणि नाव जरूर सांगा. गुणांकांत मोठी तफावत असेल, सांजवेळच्या मुलासारखी ८० आणि ११५, तर एकत्रित आकड्यावर विसंबू नका, भाग वेगवेगळे वाचून घ्या.

करार लेखी करा. किती भेटी, वर्गनिरीक्षण त्यात धरलंय का, अहवाल कुणाचा, शाळेशी बोलायचं तर तुमची लेखी संमती लागेल की नाही, आणि कुठल्याही शाळेकडून वा थेरपी केंद्राकडून त्यांना मोबदला मिळतो का. हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोच करू नका. प्रामाणिक माणसाला त्याचा राग येत नाही.

आणि एक, जे मला फार महत्त्वाचं वाटतं. बैठकीत पालक उपकार मागायला आल्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसतात. मुलागणिक वेगळा लेखी आराखडा असावा आणि तो ठरवताना पालक तिथे असावेत, हे १९७५ साली अमेरिकेने कायद्यात लिहिलं. १९९४ मध्ये स्पेनमधल्या सालामांकाला ९२ देशांच्या सरकारांनी जाहीर केलं की सर्वसाधारण शाळांनी या मुलांना सामावून घ्यायला हवं. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारातलं चोविसावं कलम तर शिक्षणाबद्दलच आहे, आणि मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देणं हे त्यात हक्क म्हणून आलंय. हे शाळेच्या तोंडावर फेकायला सांगत नाही मी. खुर्चीत नीट टेकून बसा, एवढ्यासाठी सांगते.

अरुणोदय

निशिगंध, सवलत आणि बदल यातला फरक आज पहिल्यांदा कळला. मुलाचा आराखडा काढून बघितला, 'भूमितीतून सूट' असं लिहिलंय. माझीच सही आहे खाली. उद्या शाळेत जातो.

गवतफूल

मी पालक नाही. मी ते मूल आहे. आता तिशी ओलांडली, डिस्लेक्सिया आहे (वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता), हा प्रतिसादही बोलून टाईप करून घेतलाय.

लहानपणी माझ्यासाठी आईबाबांनी खूप केलं. सल्लागारही आणले, बैठकाही झाल्या. मी बाहेर बाकावर बसायचे. दाराच्या काचेतून आईची पाठ दिसायची. पाठ वाकली की मला वाटायचं, माझं काहीतरी वाईट निघालं. आत काय ठरलं ते घरी जाताना विचारायचा धीर व्हायचा नाही. दुसऱ्या दिवशी अचानक माझी जागा पहिल्या बाकावर हलवलेली असायची. का, ते कुणी सांगायचं नाही. सगळ्या वर्गाला वाटायचं मला शिक्षा झालीये, आणि मलाही तसंच वाटायचं. एकानेही मला विचारलं नाही की तुला कुठे बसायला बरं पडतं. मला खिडकीकडचा तिसरा बाक हवा होता. तिथून फळ्यावर चमक येत नव्हती.

मोठी झाल्यावर एक जुनी नोंद वाचनात आली, म्हणजे ऐकनात. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्लिश डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं होतं. हुशार, चुणचुणीत, पण वाचता येत नव्हतं. त्याच्या मास्तरांचं म्हणणं त्यात दिलंय, की सगळं शिकवणं तोंडी असतं तर हा शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरला असता. ते ऐकून मी ढसाढसा रडले. इतक्या वर्षांपूर्वी एका मास्तरांना ते दिसलं होतं!

माझी कळकळीची विनंती आहे. मुलाला बैठकीत घ्या. पूर्ण वेळ नको, दहा मिनिटं. बसवत नसेल तर त्याने सांगितलेलं कागदावर उतरवून न्या. त्याच्या शब्दांत, सुधारून नको.

खडूफळा

गवतफूल, मी गेल्याच आठवड्यात एका मुलाची जागा बदलली, त्याला काही न सांगता. सोमवारी आधी त्याच्याशी बोलेन.

पहाटदव

नवीन सभासद आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. मुलगा पाच वर्षांचा, बोलणं उशिरा. मागच्या मंगळवारी अहवाल आला. रात्री झोप नाही. नातेवाईक रोज नवीन नाव सुचवतात, हे सल्लागार, ते केंद्र. सुरुवात कुठून करू? एकदम चार ठिकाणी नाव घातलंय.

कदंब

पहाटदव, आधी जेवा आणि झोपा. खरंच. मी ते केलं नव्हतं. चार ठिकाणांपैकी दोन या आठवड्यात सोडा. पाच वर्षांच्या जिवाला दिवसभर या थेरपीतून त्या थेरपीत नेलं तर तो खेळणार कधी? कानांची तपासणी झालीये का? बोलणं उशिरा असेल तर ती आधी.

निशिगंध

कानांबद्दल पूर्ण अनुमोदन. अहवाल ज्यांनी दिला त्यांच्याकडे परत जा. तो तोंडी समजावून सांगा म्हणणं हा तुमचा हक्क आहे. जाताना घरातलं दुसरं कुणीतरी बरोबर न्या, लिहून घ्यायला. पहिल्या दिवशी कानावरून जे गेलं त्यातलं निम्मं डोक्यात शिरलेलं नसतं. फाईल एकच करा, तारखेच्या क्रमाने, नवीन कागद वर. सल्लागाराची घाई नको. मुलाच्या दोन-दोन मिनिटांच्या चार चित्रफिती काढून ठेवा: खेळताना, काही मागताना, चिडलेला, आणि खूश असताना. खूश असतानाची विसरू नका.

पहाटदव

आज दोन ठिकाणी नाही म्हणून कळवलं. कानांच्या तपासणीची वेळ घेतली. त्याची खूश असतानाची चित्रफीत काढायला गेले तर तो मोबाईलकडे बघून हसला. किती दिवसांनी मी त्याच्याकडे अहवाल न आठवता बघितलं.

सांजवेळ

धागा वर काढते, कारण काल आमची सहामाही बैठक झाली आणि गवतफूलला ते सांगायलाच हवं.

तुझा प्रतिसाद मुलाला वाचून दाखवला होता. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, मी येत नाही आत, पण तू लिही. त्याने सांगितलं, मी लिहिलं, एक शब्द न बदलता. चार वाक्यं होती. छापील कागद बरा आहे. मोठ्याने वाचायला लावणार असाल तर आदल्या दिवशी सांगा. मला खाडाखोड केलेली वही आवडत नाही. चौथं असं: 'मला उत्तर येत असतं, पण मी लिहीपर्यंत फळा पुसतात.'

ताईंनी तो कागद स्वतः वाचला नाही. बाईंसमोर सरकवला. बाईंनी चौथं वाक्य दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "हे मला त्याने कधीच सांगितलं नाही." मग जरा थांबून, "मी विचारलंही नाही." दोन वर्षांच्या आराखड्यात, निरीक्षणात, आमच्या कुणाच्याच टिपणात फळा पुसण्याबद्दल एक ओळ नव्हती. छापील कागदावर प्रश्न असतात, पण बोलता बोलता बाई फळ्यावर जे उत्तराचे मुद्दे लिहितात ते कागदावर कसे असणार?

आज दुपारी तो घरी आला तो दप्तर न उतरवताच सांगायला लागला. बाईंनी फळ्यावर खडूने एक उभी रेघ मारलीये. रेघेच्या उजवीकडचं तास संपेपर्यंत पुसायचं नाही, असं सगळ्या वर्गाला सांगितलंय, कुणासाठी ते न सांगता. शेजारची मुलगी म्हणाली म्हणे, बरं झालं, माझंही राहून जायचं.